परदेशात बाइक ट्रिप: बाइक कशी न्यायची, की न्यायचीच नाही, याचं गणित

परदेशात बाइक चालवायचं ठरलं की बहुतेक जण आधी रूट आखायला बसतात. घाट शोधतात, मॅपवर पिना टोचतात, कुठल्या रात्री कुठे मुक्काम ते ठरवतात, आणि मग सगळ्यात शेवटी प्रश्न येतो की अरे पण बाइक कुठली आणि ती तिथे येणार कशी? माझं अगदी मनापासून सांगणं आहे की हा प्रश्न पहिला घ्या. बजेटचा सगळ्यात मोठा तुकडा इथेच जातो, आणि हे एकदा ठरलं की रूट त्याच्या मागे आपोआप येतो.

कागदावर एक आकडा लिहा. सुट्टी किती दिवसांची तो नाही, प्रत्यक्ष सीटवर बसून किती दिवस चालवणार तो. १६ दिवसांची सुट्टी असेल तर विमानप्रवासात २-३ जातात, एखादा दिवस झोप भरून काढण्यात, बाइक ताब्यात घेणं आणि परत देणं यात मिळून एक, एखादा दिवस पाऊस किंवा नुसता आराम. हातात उरतात १०-११. पुढचं सगळं गणित या आकड्यावर चालतं, सुट्टीच्या आकड्यावर नाही, आणि लोक नेमके इथेच चुकतात.

आता पर्याय बघा. तिथे जाऊन भाड्याने घ्यायची, स्वतःची विमानाने किंवा जहाजाने पाठवायची, स्वतःची इथूनच चालवत किंवा गाडीत घालून न्यायची, नाहीतर तिथे विकत घेऊन निघताना विकून टाकायची. स्वतःची पाठवायचा मोह सगळ्यांनाच होतो, सवयीची बाइक, आपली सीट, आपलं सामान, मलाही होतो. पण एक साधा भागाकार करा. पाठवण्याचा जाण्यायेण्याचा मिळून सगळा खर्च घ्या, म्हणजे बाइक पॅक करायची पेटी, भाडं, दोन्हीकडचे पोर्टचे चार्जेस, कस्टम्सची कागदपत्रं, इन्शुरन्स, काही म्हणजे काही सोडू नका, आणि त्याला भागा तिथल्या बाइकच्या रोजच्या भाड्याने, त्यात तिकडचा इन्शुरन्स धरून. उत्तर समजा ३५ आलं आणि तुम्ही चालवणार ११ दिवस, तर विषय संपला, भाड्याने घ्या. उत्तर ३५ आणि चालवणार ७० दिवस, तर पाठवा. माझ्या अंदाजाने तीन आठवड्यांच्या आतल्या ट्रिपला समुद्र ओलांडून स्वतःची बाइक नेणं पैशाच्या हिशोबात क्वचितच बसतं. आणि हो, भाड्याच्या बाइकचे टायर, चेन, ब्रेक पॅड झिजले तर ते तुमचे नसतात, हाही पैसाच आहे.

भाड्याने घेताना

रोजचा दर बघून बुक करू नका, हे पहिलं. त्या दराखाली पाच-सहा गोष्टी दडलेल्या असतात. रोज किती किलोमीटर फुकट, त्यावर प्रत्येक किलोमीटरला किती, हे आधी विचारा, कारण रोज २०० ची मर्यादा असेल आणि तुमचा रूट २८० चा असेल तर १० दिवसांत ८०० किलोमीटरचं वेगळं बिल येणार. मग डिपॉझिट किती, ते क्रेडिट कार्डावर नुसतं ब्लॉक होतं की खरंच कापतात, आणि बाइक दिल्यावर किती दिवसांनी सुटतं. बाइक पडली तर पहिली किती रक्कम तुमच्या खिशातून जाणार, ज्याला एक्सेस म्हणतात, ती बऱ्याचदा डिपॉझिटएवढीच असते. ही रक्कम कव्हर करणाऱ्या वेगळ्या पॉलिसी मिळतात पण त्यातल्या बऱ्याच फक्त कारसाठी असतात, बाइक धरलेलीच नसते, तेव्हा नीट वाचून घ्या.

बॉर्डर ओलांडायची असेल तर लेखी परवानगी पाहिजे. तोंडी "हो हो जा" चालत नाही, कारण पलीकडे अपघात झाला आणि कागदावर त्या देशाचं नाव नसेल तर इन्शुरन्स हात वर करतो. आणि एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडायची असेल तर वन-वे चार्ज लागतो, तो ऐकून लोक लगेच नको म्हणतात पण जरा थांबा, परत यायचे दोन दिवस त्याच हायवेने, पेट्रोल, टोल, दोन रात्रींचा मुक्काम हे सगळं धरलं तर तो चार्ज कधीकधी स्वस्त पडतो. विमानाचं तिकीटही एका शहरात उतरणारं आणि दुसऱ्यातून निघणारं घेता येतं, मल्टी-सिटी म्हणून शोधलं की दिसतं, साध्या रिटर्न तिकिटाच्या आसपासच पडतं बऱ्याचदा.

अजून एक, आणि यावर माझं ठाम मत आहे: छोटी बाइक घ्या. ३०० ते ५०० सीसी. भाडं कमी, डिपॉझिट कमी, पेट्रोल कमी, आणि घाटात मोठ्या बाइकचा काही उपयोग होत नाही. इटलीतल्या स्टेल्व्हियो घाटात नुसत्या एका बाजूला ४८ हेअरपिन वळणं आहेत, २७५७ मीटरवर रस्ता जातो, तिथे १२०० सीसीची सामानाने लादलेली बाइक वळवताना घाम फुटतो आणि हलकी बाइक मजेत वर जाते. मोठी बाइक फक्त तेव्हाच, जेव्हा मागे कोणी बसणार आहे किंवा रोज हायवेवरच चालवायचंय.

बाइक ताब्यात घेताना व्हिडिओ काढा, चहूबाजूंनी, ओडोमीटर, पेट्रोलचा काटा, टायर, आरशाच्या कडा, लिव्हरची टोकं, एक्झॉस्टची खालची बाजू सुद्धा. तिथल्या माणसासमोर काढा. मी एकदा गडबडीत हे केलं नाही आणि आधीच्याच एका ओरखड्याचे पैसे भरून आलो, रक्कम मोठी नव्हती पण ट्रिपचा शेवटचा दिवस त्यात गेला.

चालवत नेणं, फेरी आणि ट्रेन

रस्त्याने जोडलेल्या देशात जायचं असेल तर स्वतःची बाइक घेऊन निघणं सगळ्यात स्वस्त असं वाटतं, आणि बऱ्याचदा असतंही, पण सरळ हायवेच्या दीड हजार किलोमीटरचा हिशोब नीट करा. दोन दिवस जाताना, दोन येताना, पेट्रोल, टोल, मुक्काम, आणि मागचा टायर मधोमध सपाट होतो तो वेगळाच, मग वळणावर बाइक विचित्र पडते. तीन-चार मित्र असाल तर व्हॅन भाड्याने घेऊन बाइक आत बांधून नेणं माणशी स्वस्त पडतं, आळीपाळीने चालवा, बाकीचे झोपा. युरोपात काही ट्रान्सपोर्टवाले उत्तरेकडून दक्षिणेकडे ट्रकमधून बाइक नेऊन देतात आणि तुम्ही विमानाने जाऊन तिथे ताब्यात घेता, कमी दिवसांच्या सुट्टीला हा प्रकार मस्त आहे.

ट्रेनचाही विचार करा. ऑस्ट्रियाच्या रेल्वेच्या काही रात्रीच्या गाड्यांना कार आणि बाइक नेणारे डबे असतात, संध्याकाळी बाइक चढवायची, झोपायचं, सकाळी डोंगराजवळ उतरायचं, एका रात्रीचा मुक्काम वाचतो तो हिशोबात धरा. खालच्या मजल्यावर छत खूप ठेंगणं असतं, वाकून चालवत न्यावी लागते, डोक्यावर हेल्मेट पाहिजेच. इंग्लंड-फ्रान्समध्ये समुद्राखालच्या बोगद्यातली गाडी ३५ मिनिटांत पलीकडे नेते, फेरीला वेळ जास्त लागतो पण ऐन सीझन सोडून स्वस्त मिळू शकते, दोन्हीचे दर एकाच दिवशी ताडून बघा. स्पेनच्या तारिफाहून मोरोक्कोच्या टँजियरला फेरी आहे, सामुद्रधुनी जिथे सगळ्यात अरुंद आहे तिथे जेमतेम १४ किलोमीटर, म्हणजे आफ्रिकेत बाइक चालवायचं स्वप्न असेल तर विमान-जहाजाच्या कार्गोची गरजच नाही. आइसलँडला जायचं तर डेन्मार्कच्या हिर्टशाल्सहून फेरी आहे, वेळखाऊ आहे, पण पेटी-कस्टम्सच्या भानगडीपेक्षा बरी.

फेरीवर बाइकचं तिकीट कारपेक्षा बरंच कमी असतं. पण बांधायची जबाबदारी कित्येकदा तुमचीच असते, डेकवर मळकट दोऱ्या पडलेल्या असतात तेवढंच. स्वतःचे दोन रॅचेट पट्टे, म्हणजे खटका ओढून घट्ट करायचे पट्टे, आणि ते अडकवायला कापडी मऊ लूप जवळ ठेवा. बाइक पहिल्या गिअरमध्ये टाकायची, साइड स्टँडवर, पुढचा ब्रेक एखाद्या पट्टीने दाबून ठेवायचा, पट्टा सीटवरून घ्यायचा तर खाली जाडसर कापड, आणि तिरकं झालं की वाजणारा अलार्म असेल तर तो बंद करून वर जा, नाहीतर लाटांमुळे रात्रभर वाजून सकाळी बॅटरी बसलेली असते.

युरोपात हायवेच्या पासचा गोंधळ सगळ्यांचा होतो. स्वित्झर्लंडमध्ये बाइकलाही पास लागतो आणि तो वर्षाचाच मिळतो, ४० फ्रँकचा, एक दिवस जायचं असलं तरी. ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, हंगेरीतही बाइकला लागतो पण थोड्या दिवसांचा मिळतो. चेक प्रजासत्ताक आणि स्लोव्हाकियात बाइकला माफ. नॉर्वेत बाइकला रस्त्याचा टोल नाही. त्यामुळे स्वित्झर्लंड एका दिवसात पार करायचं असेल तर हायवे टाळून घाटरस्त्यानेच जा, नाहीतरी आलोय कशाला.

विमान की जहाज

लांबच्या ट्रिपला, दोन महिन्यांच्या पुढे, स्वतःची बाइक पाठवणं पटतं. इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा: कार्गोवाले बाइकचं नुसतं वजन मोजत नाहीत, ती किती जागा खाते तेही मोजतात. विमानात हिशोब असा की पेटीची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ६००० ने भागायचं, जे येईल ते किलो. ते किंवा खरं वजन, जे जास्त असेल त्यावर पैसे. समजा पेटी २२० बाय ९० बाय १२०, उत्तर येतं ३९६ किलो, बाइक पेटीसकट २६० भरत असली तरी पैसे ३९६ चे. आता पुढचं चाक काढा, विंडस्क्रीन काढा, आरसे काढा, हँडल सैल करून खाली वळवा, पॅनिअर, म्हणजे बाजूचे सामानाचे डबे, उतरवून मोकळ्या जागेत बसवा, पेटी झाली १९० बाय ८० बाय १०५, उत्तर २६६. दोन-तीन तासांच्या पानाकामात १३० किलोचं भाडं वाचलं. अख्ख्या ट्रिपमध्ये एवढे पैसे वाचवणारं दुसरं काम मला तरी माहीत नाही.

जहाजाचं भाडं घनमीटरवर असतं आणि ते विमानापेक्षा बरंच कमी दिसतं. दिसतं, असं मुद्दाम म्हणतोय. कारण खरे पैसे पलीकडच्या पोर्टवर लागतात. टर्मिनलचे हँडलिंग चार्जेस, कंटेनर फोडायचे पैसे, डॉक्युमेंट फी, एजंटची फी, आणि जहाज उशिरा आलं किंवा कस्टम्स अडलं की दर दिवसाचं स्टोरेज. तुम्ही तिथे हॉटेलात बसून वाट बघताय त्याचाही खर्च. म्हणून एजंटकडून कोटेशन घेताना एकच वाक्य लिहा, बाइक माझ्या हातात येईपर्यंतचे दोन्हीकडचे सगळे चार्जेस धरून लेखी आकडा द्या. जो द्यायला टाळाटाळ करतो त्याला सोडा. जहाज आठवडा-दोन आठवडे सहज उशिरा येतं, त्यामुळे आपलं विमान बाइक पोचल्याची खात्री झाल्यावरच. विमानाने पाठवली तर हा ताण जवळजवळ नसतो, कार्गो टर्मिनलवर कागद दाखवून कित्येकदा एक-दोन दिवसांत बाइक बाहेर, त्यामुळे एकूण बेरीज केली तर एकट्या बाइकसाठी विमान आणि जहाज यांत वाटतो तेवढा फरक राहत नाही. ग्रुप असेल तर मात्र चित्र बदलतं, २० फुटी कंटेनर आतून साधारण ५.९ मीटर लांब असतो, त्यात चार-पाच बाइक नीट बसतात आणि खर्च वाटला जातो.

पेटीचं लाकूड उष्णता देऊन किडेमुक्त केलेलं आणि तसा शिक्का मारलेलं पाहिजे. जगभरात हा नियम आहे, लाकूड आतपर्यंत ५६ अंशाला ३० मिनिटं तापवलेलं असावं लागतं, शिक्का नसेल तर पेटी पलीकडे अडते. त्यामुळे बाइकच्या शोरूममधून नव्या बाइकचा वापरलेला लोखंडी सांगाडा मिळाला तर सर्वात उत्तम, बरेच शोरूमवाले तो फेकूनच देतात. विमानात बाइक धोकादायक मालात धरली जाते, पेट्रोल टाकीच्या पाव भागापेक्षा जास्त चालत नाही, बऱ्याच कंपन्या जवळजवळ रिकामीच मागतात, बॅटरीची कनेक्शन काढायची. चेन स्प्रे, पंक्चरचे फोमचे डबे, गॅस शेगडीचं सिलिंडर काहीही पेटीत ठेवू नका. आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला पाठवत असाल तर बाइक इतकी धुवा की मडगार्डच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं तरी माती लागू नये, तिथे तपासणी होते आणि माती सापडली तर सफाईचे पैसे तुमच्याकडून घेतात.

सगळीकडे रस्ता असतो असंही धरू नका. पनामा आणि कोलंबियाच्या मध्ये दारिएनचं जंगल आहे, सुमारे १०० किलोमीटर रस्ताच नाही, त्यामुळे अमेरिका खंड वरून खाली करणाऱ्या प्रत्येकाला तिथे बाइक विमानात किंवा जहाजात घालावी लागते. हा खर्च पहिल्या दिवसापासून बजेटमध्ये लिहा.

कागद

कार्ने हा शब्द कानावर आला नसेल तर आता ऐका. काही देश तुमची बाइक आत सोडताना हमी मागतात की तुम्ही ती तिथे विकणार नाही, परत नेणार. ही हमी म्हणजे कार्ने, ऑटोमोबाइल क्लब देतात, साधारण वर्षभर चालतं. इराण, पाकिस्तान, भारत, इजिप्त, ऑस्ट्रेलिया, जपान अशा देशांत परदेशी बाइकला हे लागतं. फी वेगळी आणि हमीची रक्कम वेगळी, आणि ती रक्कम बाइकच्या किमतीवर आणि रूटमधल्या देशांच्या ड्युटीवर ठरते. इथे दोन मार्गांनी पैसे वाचतात. जुनी, कमी किमतीची बाइक न्या, हमी कमी लागते. आणि रूटमधला एखादा देश काढला तर आकडा किती उतरतो ते क्लबला विचारा, कधीकधी एका देशापायी सगळी रक्कम फुगलेली असते. दक्षिण अमेरिकेत बहुतेक ठिकाणी कार्ने लागत नाही, बॉर्डरवरच तात्पुरत्या आयातीचा कागद करून देतात, त्यावरची शेवटची तारीख बघा. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या माणसाची बाहेरच्या नंबरची बाइक साधारण ६ महिने ड्युटीशिवाय राहू शकते, पण बऱ्याच जणांना स्वतःला शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत मिळून, १८० दिवसांत ९० च दिवस मिळतात, हे दोन आकडे वेगळे आहेत, एकात एक मिसळू नका.

लायसन्सचं म्हणाल तर आंतरराष्ट्रीय परमिट एकच नसतं, रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या आंतरराष्ट्रीय कराराचं वेगळं, १९६८ च्या कराराचं वेगळं. जपान फक्त १९४९ वालं मानतो, व्हिएतनाम १९६८ वालं, आणि चीन कुठलंच मानत नाही. शिवाय परमिटवर बाइकच्या खान्यात शिक्का आहे का बघा, कारचाच असेल तर बाइकसाठी तो कागद शून्य. हे मी खर्चाच्या लेखात का घुसवतोय? कारण लायसन्स चुकीचं असेल तर प्रवासाचा विमा हॉस्पिटलचं बिल भरत नाही, आणि मग वाचवलेलं सगळं एका दिवसात जातं. विम्याच्या बारीक अक्षरात इंजिनची मर्यादाही असते, १२५ सीसीपर्यंतच कव्हर असं बऱ्याच पॉलिसींमध्ये लिहिलेलं असतं, त्यापुढे जास्तीचे पैसे भरून वाढवून घ्यावं लागतं. ते भरा. इथे काटकसर नको.

विकत घेऊन विकणं

दीड ते चार महिन्यांच्या ट्रिपला हा पर्याय चांगला, पण देशागणिक नियम बदलतात. न्यूझीलंडमध्ये परदेशी माणसाच्या नावावर बाइक सहज होते, चिलीत आधी टॅक्स नंबर काढावा लागतो. खरेदीपेक्षा विक्री अवघड असते हे लक्षात ठेवा, निघायच्या आधी किमान एक आठवडा हातात ठेवा, नाहीतर शेवटच्या दोन दिवसांत समोरचा सांगेल त्या भावाला द्यावी लागते. काही डीलर आधीच लेखी देतात की अमुक महिन्यांनी अमुक भावाला परत घेऊ. भाव कमी वाटला तरी मी तोच घेईन, डोक्याला ताप नाही.

जाताना स्वतःबरोबर काय

बाइक भाड्याची असली तरी हेल्मेट, ग्लोव्ह्ज, जॅकेट स्वतःचंच न्या. हेल्मेट केबिनमध्ये, बूट आणि जॅकेट अंगावर घालून विमानात बसा, जॅकेटचे खिसे भरा, चेक-इनचं वजन पाच-सहा किलोने कमी होतं. एअरबॅग जॅकेटमध्ये गॅसचं छोटं नळकांडं असेल तर विमान कंपनीची परवानगी आधी लागते, काउंटरवर जाऊन सांगू असं करू नका.

महिना निवडताना शाळांच्या सुट्टीच्या आठवड्यांच्या जरा अलीकडे-पलीकडे बघा, बाइकचं भाडं, फेरी, विमान तिन्ही एकदम उतरतात. पण फार अलीकडे गेलात तर आल्प्सचे उंच घाट बर्फाने बंद असतात, साधारण जूनपासून ऑक्टोबरपर्यंत उघडे, म्हणून जूनचा शेवट किंवा सप्टेंबर हे मला सर्वात पटतात.

आणि बुकिंगचा क्रम असा ठेवा: आधी लायसन्स आणि कार्नेचे अर्ज, मग बाइक किंवा कार्गोची तारीख पक्की, मग विमान, हॉटेलं सगळ्यात शेवटी. कार्ने घेऊन गेला असाल तर प्रत्येक देशातून बाहेर पडताना त्या पानावर बाहेर गेल्याचा शिक्का आहे का ते खिडकीसमोरून हलायच्या आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघा, अधिकारी कितीही घाईत असला तरी, कारण घरी आल्यावर हमीची रक्कम परत मिळते ती त्या शिक्क्यांवर.